व्हर्सायच्या माथी मारलेले युद्ध

जगात कुठेही युद्ध थांबवण्याची बोलणी सुरू झाली की एक इशारा हमखास दिला जातो: हरणाऱ्याला अपमानित करू नका, व्हर्सायनंतर काय झाले ते आठवा. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्याला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा, म्हणजे जून २०२२ मध्ये, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी रशियाला अपमानित करता कामा नये असे म्हटले आणि त्यावरून पेटलेल्या वादात १९१९ सालचा, म्हणजे पहिले महायुद्ध हरलेल्या जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहाचा, दाखला पुन्हा पुन्हा निघाला. आपल्याकडे तर हा दाखला तोंडपाठच असतो. स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये ‘दुसऱ्या महायुद्धाची कारणे’ उघडून बघा, व्हर्सायचा अपमानास्पद तह सगळ्यात वर असतो. जर्मनीला चिरडले, म्हणून हिटलर आला, म्हणून युद्ध झाले. याला विरोध करणारेही भेटतात, पण ते एवढेच म्हणतात की जर्मनीची तीच लायकी होती. म्हणजे भांडण कठोरपणा योग्य होता की अयोग्य इतक्यापुरतेच. त्या कठोरपणातूनच वीस वर्षांनी युद्ध उपजले, हे दोन्ही बाजूंना मान्य असते. वाद घालायचा तर तो या मान्यतेशी घातला पाहिजे.

माझे म्हणणे असे, की २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात ज्या तहावर सह्या झाल्या, त्याने दुसरे महायुद्ध घडवले नाही. तह सदोष होता, काही कलमांत उघड दुटप्पी होता. पण १९३३ साली जर्मनीत आणि १९३९ साली युरोपात जे घडले त्याला जबाबदार आहेत ते स्वतःचा पराभव कधीच कबूल न केलेले जर्मन सेनानी आणि सत्ताधारी, मंदीच्या काळात लोकशाहीचा गळा आवळणारे त्यांचे निर्णय, आणि स्वतः लिहिलेला तह राबवण्याची हिंमत न दाखवलेले विजेते. तहाच्या नावाने शंभर वर्षे जी ओरड चालू आहे, तिचा मोठा भाग बर्लिनमध्ये सरकारी पैशाने तयार झाला होता. आपण आजही त्याचीच री ओढतो, याचे मला फार वाईट वाटते.

समोरच्या बाजूचे जे खरे आहे ते आधी मान्य करतो, आणि ते थोडेथोडके नाही. जर्मनीने युद्धबंदी मागितली ती अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष विल्सन याने शांततेसाठी मांडलेल्या १४ कलमांच्या भरवशावर. पण पॅरिसच्या परिषदेत जर्मनीला वाटाघाटीला बसूच दिले नाही. ७ मे १९१९ रोजी तयार मसुदा हातात ठेवला आणि हरकती लेखी कळवा असे सांगितले. लढाई थांबली तरी दोस्तांची सागरी नाकेबंदी पूर्णपणे उठली ती जुलै १९१९ मध्ये. मधल्या हिवाळ्यात जर्मन शहरांत लोक उपाशी होते. स्वयंनिर्णयाचा हक्क पोल आणि चेक लोकांना मिळाला, ऑस्ट्रियातल्या जर्मनांना मात्र जर्मनीत सामील होण्याची मनाई झाली, आणि बोहेमियाच्या कडेचे सुमारे ३० लाख जर्मन भाषक त्यांना न विचारता चेकोस्लोव्हाकियात गेले. जर्मनीचा सुमारे १३ टक्के भूभाग गेला, सगळ्या वसाहती गेल्या, सैन्य एक लाखावर आले, रणगाडे, लढाऊ विमाने, पाणबुड्या यांवर बंदी आली. कलम २३१ ने युद्धातल्या हानीची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रदेशांच्या आक्रमणावर ठेवली. मे १९२१ मध्ये भरपाईचा आकडा ठरला: १३२ अब्ज सुवर्ण मार्क. हप्ते चुकले म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूरच्या कोळसापट्ट्यात घुसल्या, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. जन्मभराची बचत ज्यांची अशी वाफ होऊन गेली, त्यांच्या मनात काय साठले असेल? ब्रिटिश शिष्टमंडळातला अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स तर जून १९१९ मध्येच राजीनामा देऊन बाहेर पडला आणि वर्ष संपायच्या आत त्याने तहावर असे जळजळीत पुस्तक लिहिले, की इंग्रजी वाचणाऱ्या जगाचे मत पुढच्या दोन दशकांसाठी तिथेच ठरून गेले.

हे सगळे खरे धरूनही एक प्रश्न उरतो. हा तह कठोर होता, तो कशाच्या तुलनेत? ज्या आरसेमहालात १९१९ साली सह्या झाल्या त्याच दालनात १८ जानेवारी १८७१ रोजी जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती, हरलेल्या फ्रान्सच्या छातीवर बसून. त्यानंतरच्या फ्रँकफुर्टच्या तहाने फ्रान्सकडून अल्सेस आणि लोरेनचा मोठा भाग घेतला, ५ अब्ज फ्रँक खंडणी लादली आणि ती फिटेपर्यंत जर्मन सैन्य फ्रेंच भूमीवर ठेवले. फ्रान्सने ती रक्कम सप्टेंबर १८७३ पर्यंत मुदतीआधी चुकती केली. अपमान फ्रान्सनेही गिळला, अल्सेसचे दुःख तिथल्या शाळांतही शिकवले गेले, पण पुढच्या ४३ वर्षांत त्यासाठी त्याने युद्ध पुकारले नाही आणि तिथले प्रजासत्ताकही टिकले. व्हर्सायच्या पंधरा महिने आधी, ३ मार्च १९१८ रोजी, स्वतः जर्मनीने हरलेल्या रशियावर ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह लादला. त्यात रशियाची सुमारे एकतृतीयांश लोकसंख्या आणि कोळशाच्या बहुतेक खाणी एका फटक्यात गेल्या. पश्चिमेत जर्मनी जिंकला असता तर काय मागणार होता हेही गुपित राहिलेले नाही. चॅन्सेलर बेथमान-होलवेगच्या कार्यालयात ९ सप्टेंबर १९१४ च्या टिपणात बेल्जियमला मांडलिक करण्यापासून फ्रान्सला कायमचे पंगू करण्यापर्यंत सगळे लिहिलेले आहे. या दोन तहांच्या मध्ये व्हर्साय ठेवले, तर ते त्या काळच्या रीतीपेक्षा काही वेगळे क्रूर दिसत नाही.

आणि नंतरचे? १९४५ साली जर्मनीशी तहच झाला नाही. बिनशर्त शरणागती घेतली गेली. देशाचे चार तुकडे करून चार सैन्ये बसली. १९३७ च्या सीमेतला जवळजवळ चौथा हिस्सा पोलंड आणि सोव्हिएत संघाकडे गेला, पूर्व युरोपातून एक कोटीहून जास्त जर्मनांना घरदार सोडून हाकलले गेले, पुढाऱ्यांवर न्युरेंबर्गमध्ये खटले चालले आणि काहींना फाशी झाली. यापुढे १९१९ चा तह सौम्यच म्हणावा लागतो. मग अपमानातून युद्ध हा नियम असेल तर तिसरे महायुद्ध १९६५ च्या आसपास जर्मनीतूनच सुरू व्हायला हवे होते. इथे लगेच मार्शल योजनेचे नाव घेतले जाते: दुसऱ्या वेळी विजेते उदार झाले, म्हणून शांतता टिकली. त्यात तथ्य आहे. १९४८ नंतर पश्चिम जर्मनीला अमेरिकी मदत मिळाली, १९५३ च्या लंडन कराराने त्याचे जुने कर्ज बरेच हलके केले, आणि या गोष्टींनी फार मोठे काम केले. पण ही उदारता कुठल्या जमिनीवर उभी होती ते पाहायला नको का? आपण हरलो की नाही याबद्दल १९४५ च्या जर्मनीत एकाही माणसाच्या मनात शंका नव्हती. बर्लिन, हॅम्बुर्ग, कोलोन ढिगाऱ्यात होती. १९१८ साली मात्र जर्मनीच्या एकाही मोठ्या शहरात शत्रूचा शिपाई शिरला नव्हता, आणि जर्मन सैन्य परक्या देशात उभे असताना युद्ध थांबले होते. माझ्या मते सगळा फरक इथे आहे, त्याकडे पुढे येतोच.

आधी पैशाचा हिशेब, कारण सर्वांत जास्त दिशाभूल तिथे झाली आहे. भरपाई मागितली ती हवेतून नव्हती. युद्धाची चार वर्षे ईशान्य फ्रान्स आणि बेल्जियममध्ये लढली गेली. १९१७ च्या सुरुवातीला हिंडेनबुर्ग रेषेकडे मागे हटताना जर्मन सैन्याने गावे जाळली, फळबागा तोडल्या, विहिरी नासवल्या. लान्सच्या खाणी पाण्याने भरल्या. हा खर्च कुणी भरायचा होता, ज्यांची घरे गेली त्यांनी? १३२ अब्जांचा आकडाही दिसतो तसा नव्हता. त्यातले ८२ अब्ज ‘क’ वर्गाच्या रोख्यांत होते, आणि ते वसूल होणार नाहीत हे ठरवणाऱ्यांनाही माहीत होते. आपापल्या देशातल्या मतदारांना मोठा आकडा दाखवायची ती सोय होती. (या लबाडीबद्दल ब्रिटनचा पंतप्रधान लॉइड जॉर्ज आणि फ्रान्सचा पंतप्रधान ब्रियाँ यांना दोष द्या, तो दोष त्यांचाच आहे.) खरी मागणी ५० अब्जांची होती. १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत भरपाई संपुष्टात आली तोवर जर्मनीने सुमारे २० अब्ज भरले होते, आणि भरपाईचे हप्ते नव्याने बांधणाऱ्या १९२४ च्या डॉझ योजनेनंतरचा पैसा बराचसा अमेरिकी कर्जातून आला, जे पुढे बुडालेच. आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, हिटलरने छातीठोकपणे सांगितले की सहा वर्षांत आपण शस्त्रसज्जतेवर ९० अब्ज मार्क खर्च केले. जो देश २० अब्ज भरता भरता मोडून पडला असे आपण शिकतो, त्याने सहा वर्षांत ९० अब्जांच्या तोफा कशा उभ्या केल्या? हा हिशेब मांडणाऱ्यांत एतिएन माँतू हा तरुण फ्रेंच अर्थतज्ज्ञ होता. त्याचे वडील पॅरिस परिषदेत फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसो याचे दुभाषे होते. केन्सला उत्तर देणारे पुस्तक त्याने युद्धाच्या काळात लिहिले, आणि ते छापून यायच्या आधी, एप्रिल १९४५ च्या अखेरीस, युद्ध संपायला जेमतेम आठवडा उरला असताना तो जर्मनीत लढताना मारला गेला. केन्सचे पुस्तक आजही वाचले जाते, माँतूचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

चलनफुगवट्याचेही तसेच. जर्मनीने युद्ध कर वाढवून नव्हे तर कर्ज काढून लढले, कारण बिल हरलेल्या शत्रूकडून वसूल करू अशी तिथल्या अर्थखात्याची खात्री होती. १९२३ मध्ये रूरमधल्या संपकरी कामगारांना घरबसल्या पगार देण्यासाठी सरकारने नोटा छापल्या. फ्रेंचांची घुसखोरी निंद्यच होती, पण छापखाना बर्लिनचा होता. आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये रेंटनमार्क हे नवे चलन आणून सरकारने मनावर घेतले तेव्हा काही आठवड्यांत भाव स्थिर झाले. तह तर तसाच लागू होता! चलनाच्या मरणाचे कारण तह असेल, तर तह कायम असताना चलन जगले कसे?

आता तारखा बघा, कारण कार्यकारणाचा दावा तारखांवरच तपासायचा असतो. तहाला नऊ वर्षे झाली होती, चलनफुगवट्याला पाच, तेव्हा मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या. जखम ताजी असताना जो पक्ष वाढला नाही, तो ती भरत आल्यावर कसा फोफावला? डिसेंबर १९२९ मध्ये उजव्या राष्ट्रवादी पक्षाचा पुढारी हुगेनबर्ग आणि हिटलर यांनी यंग योजनेविरुद्ध, म्हणजे थेट व्हर्सायच्या भरपाईविरुद्ध, सार्वमत घडवून आणले. सगळा प्रचार ‘गुलामगिरी’च्या नावाने केला. मतदारांपैकी १३.८ टक्के लोकांनी होकार दिला आणि सार्वमत आपटले. ३० जून १९३० रोजी दोस्तांचे शेवटचे सैन्य ऱ्हाइनलँडमधून ठरल्यापेक्षा पाच वर्षे आधी निघून गेले, आणि त्याच सप्टेंबरात नाझींना १०७ जागा मिळाल्या. जुलै १९३२ मध्ये लोझानला भरपाई संपली, आणि त्याच महिनाअखेर नाझी २३० जागांवर गेले. तहाची एकेक गाठ सुटत होती आणि हिटलर वर चढत होता. या दोन गोष्टींत कार्यकारण लावायचे म्हटले तर ते उलटेच लागेल. मध्ये काय आले होते? ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, अमेरिकी कर्जे परत मागितली गेली, आणि १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत ६० लाखांहून जास्त माणसे बेकार होती. अशा वेळी चॅन्सेलर ब्रुनिंगने संसदेला बाजूला सारून राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांनी पगार कापले, बेकारभत्ता कापला. ही धोरणे व्हर्सायच्या कुठल्या कलमात लिहिली होती?

इतकेही करून लोकांनी हिटलरला बहुमत दिले नव्हते, हे तर आपल्या नोट्समधून पारच गळले आहे. नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींची सुमारे २० लाख मते कमी झाली, जागा १९६ वर आल्या, तिजोरी रिकामी झाली. पक्ष उतरणीला लागला होता. तेव्हा ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने, माजी चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेनच्या आग्रहाखातर, त्याला चॅन्सेलर केले. मंत्रिमंडळात नाझी तिघेच असतील, आपण त्याला मुठीत ठेवू, असा या मंडळींचा हिशेब होता. सत्ता त्याला दिली गेली, आणि ती देणारी माणसे होती जुने सरदार, सेनाधिकारी, जमीनदार. त्यांना प्रजासत्ताक नको होते, १९१९ पासूनच नको होते. सगळा दोष तहावर टाकला की ही माणसे निर्दोष सुटतात.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. मंदी अमेरिकेत आली, ब्रिटनमध्ये आली, तिथे हिटलर का नाही आला? जर्मनीत काही वेगळे होते, आणि ते वेगळेपण म्हणजेच व्हर्सायची चीड, असे हा आक्षेप सांगतो. चीड होती हे खरेच. पण ती सर्वांना होती. समाजवादी शायडेमानने तहावर सही करण्याऐवजी चॅन्सेलरपद सोडले. कॅथलिक, उदारमतवादी, कम्युनिस्ट, सगळे तहाला नावे ठेवत होते. जी गोष्ट प्रत्येकाच्या मनात सारखी आहे, ती काही जण नाझींकडे का गेले आणि काही का गेले नाहीत याचे उत्तर कशी होईल? जर्मनीचे वेगळेपण मला दुसरीकडे दिसते. त्या देशाला आपण हरलो हेच कुणी सांगितले नाही. २९ सप्टेंबर १९१८ रोजी जर्मन सैन्याची सूत्रे हाती असलेल्या जनरल लुडेनडॉर्फने स्वतः सांगितले होते की युद्धबंदी ताबडतोब मागा, सैन्य टिकणार नाही. आणि मग त्यानेच अशी व्यवस्था केली की ती मागण्याचे पाप नागरी पुढाऱ्यांच्या पदरी पडावे. ११ नोव्हेंबरला काँपिएन्यच्या जंगलात सही करायला सेनापती गेला नाही, मॅथियास एर्झबर्गर हा कॅथलिक पक्षाचा खासदार गेला. डिसेंबरात बर्लिनला परतलेल्या सैनिकांपुढे नव्या सरकारचा प्रमुख, समाजवादी एबर्टनेही तुम्हाला कुठल्या शत्रूने जिंकले नाही असे उद्गार काढले. सद्भावनेने काढले असतील, पण ते किती महागात पडले! नोव्हेंबर १९१९ मध्ये युद्धकाळातला सरसेनापती हिंडेनबुर्गने संसदीय समितीसमोर सांगितले की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. ऑगस्ट १९२१ मध्ये एर्झबर्गरला गोळ्या घातल्या, जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री राथेनाऊला. आपण हरलोच नाही असे मानणाऱ्या देशाला कुठला तह न्याय्य वाटला असता? पोलंडला समुद्रापर्यंत वाट देण्याचे वचन विल्सनच्या तेराव्या कलमात होते, म्हणजे ज्यांच्या भरवशावर शस्त्रे ठेवली त्याच १४ कलमांत. तरी ती वाट जर्मनीला सर्वांत मोठा अन्याय वाटली. परराष्ट्रमंत्री श्ट्रेझमानसारख्या समंजस माणसानेही १९२५ मध्ये लोकार्नोच्या करारात पश्चिमेची सीमा मान्य केली, पूर्वेची नाही. जर्मनीला खूश ठेवायचे तर पोलंड जन्मालाच यायला नको होता, असे म्हणायची आपली तयारी आहे का?

फ्रेंच सेनापती फोशच्या नावावर एक वाक्य सांगतात: ही शांतता नव्हे, वीस वर्षांचा युद्धविराम आहे. तह किती जाचक होता याचा पुरावा म्हणून आपल्याकडे ते सर्रास उद्धृत होते. पण मार्शल फोशची तक्रार नेमकी उलट होती. ऱ्हाइन नदीपर्यंतची सीमा कायमची ताब्यात हवी असे तो म्हणत होता. तह फार ढिला आहे हे त्याचे म्हणणे. क्लेमांसोने ती मागणी सोडली ती अमेरिका आणि ब्रिटन यांच्या संरक्षणाच्या हमीवर. पुढे अमेरिकी सिनेटने तहच नाकारला, ती हमी हवेत विरली, आणि फ्रान्स एकटा पडला. व्हर्सायची खरी उणीव मला इथे दिसते: जर्मनीला दुखवण्याइतका तो कडक होता, आणि रोखण्याची ताकद त्याच्यामागे कुणी उभी केली नाही. रशियाच्या लिपेत्स्क आणि कझानमध्ये जर्मन वैमानिक आणि रणगाडाचालक वर्षानुवर्षे चोरून शिकत होते, तरी कुणी बोट उचलले नाही.

आता त्या सरकारी प्रचाराबद्दल. जर्मन परराष्ट्र खात्यात युद्धदोषाच्या प्रश्नासाठी खास विभाग होता. त्याच्या पैशावर संशोधन केंद्रे, मासिके, देशोदेशीचे लेखक पोसले गेले, आणि १९२२ ते १९२७ दरम्यान निवडक राजनैतिक कागदांचे ४० खंड छापून जगातल्या विद्यापीठांत पोचवले गेले. कलम २३१ मध्ये ‘दोष’ हा शब्दच नाही, जवळजवळ तसेच कलम ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या तहांतही आहे, आणि त्यालगतच्या २३२ व्या कलमात जर्मनीची कुवत पुरी पडणार नाही अशी कबुली आहे. पण हे सांगणार कोण? या कांगाव्याचे फळ १९३० च्या दशकात मिळाले. ७ मार्च १९३६ रोजी हिटलरचे सैन्य, तहाने सैन्यबंदी घातलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये शिरले तेव्हा लंडनमधल्या सभ्य माणसांना वाटले, आपल्याच अंगणात तर चालले आहेत. बोहेमियाच्या कडेचा तो जर्मन भाषक पट्टा, सुडेटनलँड, त्याने मागितला तेव्हा वाटले, स्वयंनिर्णयाची मागणी रास्तच आहे. १५ मार्च १९३९ रोजी तो प्रागमध्ये घुसला, जिथली बहुसंख्य माणसे जर्मन बोलतच नव्हती, तेव्हा कुठे डोळे उघडले. खरे तर १९२६ मध्येच आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडात त्याने लिहून ठेवले होते की १९१४ च्या सीमांची मागणी हा राजकीय मूर्खपणा आहे, आपल्याला पूर्वेकडची जमीन हवी. व्हर्साय रद्द झाल्याने ज्याचे समाधान होणार नव्हते, त्याच्या युद्धाचे कारण व्हर्साय कसे? तहाने नव्हे, तह अन्यायाचा होता या अपराधी भावनेने ब्रिटनचे हात बांधले, आणि १९३६ साली जे थोड्या सैन्यात थांबले असते त्यासाठी १९३९ नंतर कोट्यवधी माणसे मेली.

शिवाय, प्रमुख अक्ष राष्ट्रे तीन होती. त्यांपैकी इटली आणि जपान व्हर्सायला विजेत्यांच्या बाजूला बसले होते. जपानने १९३१ मध्ये मांचुरिया घेतला, इटलीने १९३५ मध्ये इथिओपियावर हल्ला केला. जागतिक शांततेला पहिली भगदाडे विजेत्यांनीच पाडली. उलट, ज्या तुर्कस्तानचे १९२० च्या सेव्हर्सच्या तहाने व्हर्सायपेक्षा कितीतरी भयंकर लचके तोडले, त्याने तो तह लढून मोडला, १९२३ मध्ये लोझानला नवा मिळवला, आणि दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ शेवटपर्यंत तटस्थ राहिला. हंगेरीचा दोनतृतीयांश भूभाग गेला आणि तो हिटलरच्या वळचणीला गेला, हेही खरे. म्हणजे कठोर तहानंतर काय होईल हे त्या तहावरून सांगताच येत नाही. ते त्या देशातली माणसे काय निवडतात आणि शेजारी काय चालू देतात यावर अवलंबून राहते.

व्हर्सायच्या अन्यायाबद्दल बोलूच नये असे मी म्हणत नाही. आपण भारतीयांनी तर नक्की बोलावे, पण आपल्या बाजूने. पहिल्या महायुद्धात भारतातून १३ लाखांच्या आसपास माणसे परदेशी गेली आणि ७० हजारांहून जास्त परतली नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात त्यांतल्या काहींचे स्मारक आहे. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली आणि त्यातले कितीतरी कैदी वाळवंटातल्या पायपिटीत मेले. त्या रक्ताच्या बदल्यात काय मिळाले? लोकमान्य टिळकांना डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी निवडले होते. ते तेव्हा लंडनमध्येच होते, पण पॅरिसला जायला त्यांना पासपोर्ट मिळाला नाही. मार्च १९१९ मध्ये त्यांनी क्लेमांसोला पत्र लिहून भारताच्या स्वयंनिर्णयाची मागणी कळवली. परिषद चालू असतानाच १३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. भारताच्या नावाने तहावर सही केली ती भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरच्या महाराजांनी. इजिप्तचा राष्ट्रवादी पुढारी साद झगलूल याला परिषदेला जाऊ देण्याऐवजी माल्टात हद्दपार केले. वंशसमानतेचे कलम राष्ट्रसंघाच्या करारात घालावे असा जपानचा ठराव ११ एप्रिलला समितीत बहुमताने मान्य झाला, आणि समितीचा अध्यक्ष या नात्याने विल्सनने एकमत नाही म्हणून तो बाजूला ठेवला. जर्मनीच्या वसाहती सुटल्या नाहीत, त्यांचे फक्त मालक बदलले. आणि ज्या मेसोपोटेमियात मराठा पलटणी मेल्या, तो एप्रिल १९२० मध्ये सान रेमोच्या परिषदेत ब्रिटनच्या पदरात ‘पालकत्वा’च्या नावाखाली पडला. त्याच उन्हाळ्यात तिथल्या जमाती त्याविरुद्ध उठल्या, तेव्हा तो उठाव मोडायला पुन्हा भारतातूनच फौजा नेल्या गेल्या. त्या मोहिमेचा खर्च पाहून लंडनने मग जमिनीवरचे सैन्य कमी करून विमानांतून बॉम्ब टाकत इराक ताब्यात ठेवण्याचे धोरण स्वीकारले.